मधला धरून

१

काळजी करायला विनिताला कारण लागत नसे. कारण नसलं की ते का नाही, याचीच ती काळजी करायची. द्राक्षाचे ती चार तुकडे करायची. पाणी उकळायची, गाळायची, आणि उकळलेलं पाणी गाळताना गाळणं धुतलं होतं का ते आठवत बसायची. उर्वी साडेचार वर्षांची झाली, तरी झोपेत तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची सवय सुटली नव्हती. मग स्वतःलाच म्हणायची, "एम. एस्सी. स्टॅटिस्टिक्स ना गं तू? किती मुलं झोपेत श्वास घ्यायचं विसरतात, सांग बघू टक्केवारी." टक्केवारी तिला पाठ होती. म्हणून तर बोट धरायची.

त्या मानानं पक्ष्यांची मोजणी हा निरुपद्रवी उद्योग होता. खोपटला राहणारी तिची मैत्रीण जागृती कुठल्याशा पक्षीमित्रांच्या ग्रुपमध्ये होती. तिनंच गळ घातली.

"काही करायचं नाही गं. हिवाळाभर सकाळी चहा घेऊन बागेत बसायचं. दिसतील ते पक्षी मोजायचे, ग्रुपवर टाकायचे. तुझ्यासारखीला बरं. मोजायला काहीतरी दुसरं मिळेल."

"दुसरं म्हणजे?"

"म्हणजे पोरीचे श्वास सोडून."

बाग मात्र मोजणीसाठी फर्मास होती. कळव्याला, खाडीच्या अंगाला, टॉवरांच्या पायथ्याशी एक बसकं घर उरलं होतं, ते विनिताच्या सासरचं. वारलेल्या सासऱ्यांची, काळुरामांची, एके काळी मिठागरं होती. आता त्या जमिनीवर बावीस मजले उभे होते, त्यातले तीन फ्लॅट घरच्यांच्या नावावर होते, आणि तरीही सासूबाई गोदाबाई खाली बसक्या घरातच राहायच्या. "वर गेल्यावं पाय कुटं टेकवू?" म्हणायच्या. घरामागं चिकू, शेवगा, कडीपत्ता, तुळस, आणि पलीकडं विटांची शेवाळलेली भिंत. भिंतीमागं चिखलात तिवरांची झाडी, तिच्यामागं खाडी.

सून होऊन आल्यापासून विनिताला या घरातली एकच गोष्ट खुपायची. मागच्या दाराची कडी. ती रोज सकाळी गोदाबाईच काढायच्या. विनिता कधी आधी उठली आणि दाराशी गेली, की आतून हाक आलीच, "थांब गो! मी येते." मग त्या गुडघ्यावर हात ठेवत यायच्या, कडी काढायच्या, एकट्या बाहेर जाऊन तुळशीपाशी उभ्या राहायच्या आणि थोड्या वेळानं म्हणायच्या, "या आता." विनिता कोरेगावकडची. तिच्या माहेरी आजीकडं साखरेचा डबा असे, तशी इथं सासूकडं कडी, असं तिनं मनाशी लावून घेतलं होतं.

डिसेंबर लागला आणि गोदाबाई डोंबिवलीला गेल्या. नणंद करिश्माचं बाळंतपण होतं. रिक्षात डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसल्यावर त्यांनी विनिताचा हात धरला.

"मागचा दार तू उघड. आधी तू भायेर जा, मग पोरीला येव दे. इसरू नको."

"विंचू-बिंचू निघतात का, आई?"

"निघतो कायतरी," गोदाबाई म्हणाल्या, आणि रिक्षा सुटली.

विनितानं त्याच संध्याकाळी उर्वीला रबरी बूट आणले. दार स्वतः उघडायचं मात्र तिला चारच दिवस जमलं. पाचव्या दिवशी उर्वी पाटावर चढून स्वतःच कडी काढायला शिकली. विनितानं टाळ्या वाजवल्या. मूल नवं काही शिकलं की त्याला ते करू द्यावं, असं तिनं वाचलं होतं. काळजीखोर आईनं तर मुद्दाम करू द्यावं. तेव्हापासून सकाळी सगळ्यांत आधी बागेत धावायची ती उर्वी.

२

"भिंतीवर किती?"

"सात," उर्वी म्हणाली.

"सहा गं. हे बघ. दोन साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, दयाळ, आणि तो धोबी, शेपटी हलवतोय तो."

"मधला धरून सात."

विनिता हसली. बोटं वापरून मोजताना मुलं एखादं बोट दोनदा धरतात, हे तिला ठाऊक होतं. तिनं सहा लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिचे पाच झाले, उर्वीचे सहा. मग तिचे नऊ, उर्वीचे दहा.

"रोज एक जास्त कसा गं तुझा?"

"तुझा कमी."

"कुठला जास्त ते दाखव."

उर्वीनं बोट केलं. भिंतीवर पक्षी ओळीनं बसले होते. साळुंकीशेजारी बुलबुल, त्याशेजारी कोतवाल. मधे वीतभर जागा सोडून पुन्हा दयाळ, साळुंकी, धोबी. उर्वीचं बोट त्या सोडलेल्या जागेवर होतं.

"तिथं कोणी नाहीये, पिल्लू."

"अजून आला नाही ना. म्हणून."

विनिताच्या चहावर साय धरली होती. तिनं ती बोटानं काढली आणि पहिल्यांदा नीट भिंतीकडं पाहिलं. कोतवाल शेजारी बसला की बुलबुल उडून जातो, हे तिला या महिन्यात कळलं होतं. इथं तर सगळे शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे एका रांगेत होते. दाणे टाकलेले होते, पण कुणी खात नव्हतं. सगळ्यांची तोंडं घराकडं.

"साहजिकच आहे," तिनं फोनवर जागृतीला सांगितलं. "घर पूर्वेला. थंडीत उन्हाकडं तोंड करून बसणारच."

"मग झालं तर. मला कशाला विचारतेस?"

"विचारत नाहीये. सांगतेय."

त्यानंतर एक दिवस ढगाळ उगवला. ऊन नव्हतं. पक्षी घराकडंच तोंड करून बसले होते. आणि रात्रभराच्या दवानं सगळी भिंत काळपट ओली झाली होती. फक्त मधला तो वीतभर तुकडा कोरडा होता, सकाळपर्यंत कुणीतरी तिथं बसून नुकतंच उठलेलं असावं तसा.

ग्रुपवर तिनं त्या दिवशी आकडा टाकला, आणि भिंतीचं काही लिहिलं नाही. आधीच सगळे तिला 'श्वास मोजणारी' म्हणून ओळखतात की काय, असं तिला वाटायचं.

३

आवाज तिनं बहुधा आधीपासून ऐकला असणार. तांबटाचा तो 'टुक्' कुणाला ठाऊक नाही? तांब्याच्या भांड्यावर ठोका पडावा तसा. पण तांबट एकदा लागला की लागतो, ऐकणाऱ्याचं डोकं उठेपर्यंत थांबत नाही. हा थांबायचा. आधी पक्षी गप्प व्हायचे. मग शेवग्यातून, नाहीतर शेवग्यामागून, एक टुक्. मग काही नाही.

रविवारी दीपेश घरी होता. विनिताचा नवरा माजिवड्याला एका कंपनीत कामाला होता आणि एरवी उजाडायच्या आत पुढच्या दारानं निघायचा. त्या सकाळी बनियनवर, दात घासत तो मागच्या दारात उभा राहिला.

टुक्. टुक्. मग शांतता.

"दोन," विनिता म्हणाली.

"काय दोन?"

"रोज एकच असतो. आज दोन."

"अगं, तांबट आहे तो. खानेसुमारी करतोय होय?" तो फेस सांभाळत हसला.

तो काय बोलून गेला ते त्याला कळलं नाही. विनिता मात्र हातातला कप तसाच धरून राहिली. घरात आपण तिघं आहोत, आवाज दोन. रोज दोघी, आवाज एक.

बुधवारी नळाचं काम करायला धम्मपाल आला. हातातली पान्याची पिशवी ठेवून तो मोरीत शिरला, तेव्हा उर्वी बागेत होती आणि विनिता पायरीवर. दोन ठोके पडले.

"धम्मपाल, तुम्हाला ऐकू आला का आवाज?"

"पाइपातला ना, ताई? हवा धरलीय. काढतो."

गुरुवारी धम्मपाल नव्हता. एक.

उर्वी होण्याआधी कॉलेजात शिकवत असताना विद्यार्थ्यांना ती सांगायची, की दोन गोष्टी बरोबरीनं हलल्या म्हणजे एकीमुळं दुसरी होते असं नाही. पावसाळ्यात छत्र्या खपतात आणि बेडूक ओरडतात, पण छत्र्यांमुळं बेडूक ओरडत नाहीत. हे ती स्वतःला मोठ्यानं सांगत होती, कणीक मळता मळता. मळून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की कणीक दगडासारखी घट्ट झालीय आणि आपण पाणीच घातलेलं नाही.

घरात जितकी माणसं, त्याहून एक कमी. भिंतीवर जितके पक्षी, त्याहून एक जास्त.

म्हणजे आपण त्यांना मोजतोय, आणि तिकडून कुणीतरी आपल्याला मोजतंय. आणि आपल्यातलं एक कुणीतरी इकडं धरलेलंच नाही. ते तिकडं धरलंय.

४

दोघींमध्ये एक ठोका. म्हणजे वगळलेली एकतर ती, नाहीतर उर्वी. ते शोधायचा उपाय सोपा होता, आणि तो सुचल्याबद्दल विनिताला स्वतःची शरमही वाटली. घरात एकटं राहायचं. ठोका पडला तर आपण मोजलेल्या, म्हणजे... त्यापुढं ती विचार करीना. ठोका पडला नाही तर वगळलेल्या आपण. बस्स.

"बाळ बघून या ना दोघं," ती दीपेशला म्हणाली. "शनिवारी मुक्कामालाच जा. आईंनाही बरं वाटेल."

"आणि तू?"

"मी झोपणार आहे."

"तू? झोपणार?" दीपेशनं तिच्या कपाळाला हात लावला. "उर्वी, आईला ताप आलाय बघ."

रविवारी सकाळी तिनं स्वतः कडी काढली. बाहेर गेली. उर्वीच्या छोट्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसली, गुडघे हनुवटीशी. खाडीवरून धुकं येत होतं, त्याला चिखलाचा खारट वास होता. पक्षी आले, ओळीनं बसले. चुळबुळ थांबली. तिनं डोळे मिटले, आणि परीक्षेचा निकाल ऐकावा तशी थांबली.

काही नाही.

टॉवरातल्या कुणाचा तरी मिक्सर लागला, बंद झाला. काही नाही. दाण्यांवर खार आली, गेली. काही नाही.

विनिता उठली आणि हसत सुटली. वगळलेली आपण! एवढा आनंद तिला विद्यापीठात दुसरी आली तेव्हाही झाला नव्हता. घरात जाऊन तिनं हुरूपानं कामं उरकली. उर्वीच्या खोकल्याच्या औषधाचं प्रमाण कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं. द्राक्षांचे चार तुकडे, दोन नाही, हेही लिहिलं. लसीकरणाचं कार्ड कुठं आहे ते दीपेशला जन्मात सापडणार नाही, म्हणून ते बाहेर काढून ठेवलं. मग आरशासमोर थांबून स्वतःला म्हणाली, "बाई, तू एका पक्ष्याच्या न ओरडण्यावरून मृत्युपत्र करते आहेस." तरी कागद काढला नाही.

भिंतीवरची कोरडी जागा त्या दिवशी हातभर रुंद होती. तिनं पाहिलं होतं. पण त्याचा अर्थ लावायचं तिनं टाळलं.

सोमवारी सकाळी ती चहा गाळत असताना बागेतून प्लास्टिक फरफटल्याचा आवाज आला. ती दारात गेली. उर्वीनं स्टूल भिंतीपाशी नेलं होतं आणि रबरी बुटांनिशी त्यावर चढून दोन्ही हात भिंतीवर टेकले होते. डावीकडं तीन पक्षी, उजवीकडं चार. तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि एकही उडत नव्हता.

"उर्वी! काय करतेस?"

"माझ्या जागेवर बसते."

शेवग्यातून एक ठोका पडला. एकच.

विनितानं तिला कडेवर उचललं तेव्हा उर्वी खांद्यावरून मागं बघत, समजावणीच्या सुरात म्हणाली, "काल तुझ्यासाठी मोठी केली होती ना त्यांनी. आज परत माझ्यापुरती केली."

काल उर्वी डोंबिवलीला होती.

५

"हॅलो, आई?"

"बोल गो. जेवलीस?" मागं बाळ रडत होतं, करिश्मा कुणावर तरी वैतागत होती.

विनितानं ठरवलं होतं, की हसत हसत, सहज विचारल्यासारखं विचारायचं. तोंड उघडल्यावर तिला ते जमलं नाही. तिनं सगळं सांगितलं. मधला धरून, ठोके, कोरडी जागा, स्टूल. पलीकडं बाळाचं रडणं लांब गेलं. गोदाबाई उठून दुसऱ्या खोलीत गेल्या असाव्यात.

"मागचा दार कोन उघडतो?"

विनितानं दाराशी ठेवलेल्या पाटाकडं पाहिलं.

"मी तुना काय सांगून आयले?"

"आई, ती कडी काढायला शिकली. मला वाटलं, करू द्यावं. मला वाटलं, तुम्ही विंचवाचं..." तिचा आवाज फुटला. "मी चुकले."

"रडू नको. आइक." गोदाबाई हळू बोलत होत्या, दुधावर नजर ठेवून बोलावं तशा. "मिठाची पाटी मोजताना तुजा सासरा पयली पाटी मोजीत नसं. ती बांधावर ओतून द्याची. मंग दुसरी आली का तिला एक म्हनाचा."

"मग पहिली कुणाची?"

"ती आपली नाय."

"कुणाची, आई?"

"तेचा नाव घ्याचा नसतो, पोरी. नाव असतं त घेतला नसता का?"

विनितानं मनाशी हिशेब जुळवला. म्हणजे एकटी असताना ठोका पडला नाही, कारण दारातून पहिली ती गेली होती. आणि आज पहिली गेली होती उर्वी. रोज उर्वीच गेली होती. आई टाळ्या वाजवत होती.

"मी दारच उघडत नाही आता. कुलूप घालते."

"नको गो!" गोदाबाई एकदम म्हणाल्या. मग परत हळू. "दार नाय उघडला त मोजाला ते आत येतात."



"आई, तुम्ही एवढी वर्षं रोज पहिल्या..."

"मना कोन नेल? म्हातारीला? वजन बघलाय माझा?" गोदाबाई हसल्या. "उद्या सकाल तेवरी सांभाल. मी दुपारला येते. करिश्माला सांगते, घरी दूध नासलाय."

६

विनिता झोपणार नव्हती. पण आई झालेल्या बाईची झोप तिला विचारून येत नाही. डोळा उघडला तेव्हा खिडकीत राखी उजेड होता, दीपेश कामाला गेलेला, आणि शेजारची उशी गार होती.

स्वयंपाकघरातून पाट सरकल्याचा आवाज आला.

मग कडीचा.

ती कशी धावली हे तिला नंतर आठवेना. बोळात तिचा खांदा फ्रिजवर आपटला, खोकल्याच्या औषधाचा कागद उडाला. दार उघडं होतं. उर्वी पायजम्यावर रबरी बूट घालून उंबऱ्याशी उभी होती. डावा बूट उचललेला, पलीकडं टेकायला निघालेला.

विनितानं हाक मारली नाही. हाक मारली असती तर उर्वी पाऊल टाकून मग वळली असती. तिला आपली मुलगी माहीत होती. शाळेत लांब उडीत शेवटून पहिली आलेली ती बाई, गाऊन गुडघ्यांवर धरून, पोरीच्या डोक्यावरून नाही पण कडेनं, दाराच्या चौकटीला घासत उडाली आणि तुळशीच्या कुंडीसकट बागेत पालथी पडली.

तिच्यामागं बूट टेकला.

"आई!" उर्वी आनंदानं किंचाळली. "परत कर!"

विनितानं मान वर केली. तोंडात माती होती. भिंतीवरून ते सगळे तिच्याकडं बघत होते, आणि तिच्या डोळ्यांदेखत सरकत होते. उडत नव्हते. अर्धे डावीकडं, अर्धे उजवीकडं, एकेक पाऊल आडवं टाकत. हळदीकुंकवाला उशिरा आलेल्या बाईसाठी सतरंजीवरच्या बायका सरकतात, तसे. अगत्यानं. मधली कोरडी जागा वीतभराची हातभर झाली, आणि ते थांबले.

तिला जी भीती वाटायला हवी होती ती वाटली. पण तिच्याखाली दुसरंच काहीतरी होतं, आणि त्यासाठी तिनं श्वास रोखून धरला.

टुक्.

एक. उर्वी.

"मोजली," विनिता मातीत बसूनच म्हणाली. तिनं पोरीला ओढून छातीशी धरलं, बुटांसकट. "मोजली गं बाई माझी. मोजली."

"मीपण मोजते," उर्वी तिच्या मानेतून भिंतीकडं बघत म्हणाली. "आठ. मधला धरून."

७

गोदाबाई दुपारी आल्या. आल्या आल्या त्यांनी तुळशीची फुटकी कुंडी पाहिली, विनिताचे सोललेले गुडघे पाहिले, आणि हळद लावता लावता एवढंच म्हणाल्या, "बरी उडलीस."

दुसऱ्या दिवसापासून दारात भांडण सुरू झालं.

"सर गो बाजूला."

"नाही, आई. आता कडी माझ्याकडं द्या."

"तुजी पोर लहान हाय. माजा पोर घोडा झाला, त्याला आई नसली त चालतंय."

"मला चालत नाही ना."

गोदाबाईंनी विनिताला ढुंगणानं बाजूला सारलं आणि त्या बाहेर गेल्या. असं रोज. कधी विनिता आधी उठून बसायची, तर गोदाबाई तिच्या आधी उठून बसलेल्या. त्यांच्या गुडघ्यांचा आवाज यायचा, मग कडीचा, मग बाहेरून तीन ठोके. दीपेशला दोघी आता ठोके पडेपर्यंत निघू देत नव्हत्या, का ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तीन ठोके झाले की अंथरुणात विनिता बोटं मिटायची. दीपेश, उर्वी, मी. मग हाक यायची, "या आता." त्या 'या'साठी आपण आठ वर्षं मनात चिडत होतो, हे आठवलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिनं एकदा ते बोलून दाखवलं.

"कडीवरनं मी तुम्हाला काय काय म्हटलंय मनात, आई."

"माज्या सासूला मी तोंडावर म्हनलाय," गोदाबाई म्हणाल्या. "ती पन देत नव्हती."

मोजणी चालूच होती. विनिता आकडे पाठवायची, जागृती अंगठा दाखवायची. संक्रांत गेली, थंडी ओसरत चालली. धोबी दिसेनासा झाला. "हिवाळी पाहुणे परत निघाले," जागृतीनं ग्रुपवर लिहिलं. "शेवटचा आठवडा. सगळ्यांचे आभार."

त्या आठवड्यातल्या एका सकाळी गुडघे वाजले, कडी वाजली, ठोके तीन पडले. विनितानं बोटं मिटली. हाक आली नाही.

ती उठली. मागून उर्वी आली, बूट फटफटवत, आणि तिनं सवयीनं आईच्या मागं, उंबऱ्याच्या आत पाय रोवले.

बागेत कोवळं ऊन होतं. तुळशीच्या नव्या कुंडीपाशी गोदाबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या, उर्वीच्या स्टुलावर मावत नसताना बसल्या होत्या. पदर डोक्यावरून घेतलेला. पायाशी ठेवलेल्या चहाच्या कपातून वाफ येत होती.

"आई, आज तुझे किती?" उर्वीनं विचारलं.

विनितानं भिंतीकडं पाहिलं. एकेक करून, नियमानं. "सात."

"माझेपण सात!" उर्वीला केवढा आनंद झाला. "आज सारखे आले."

भिंतीवर जागा नव्हती. ओळ सलग होती. सगळे घराकडं तोंड करून बसले होते. एकटा तेवढा, मधला, पाठ करून खाडीकडं बघत होता, जिच्या पाण्यावर पूर्वी मिठागरं चालायची. गुबगुबीत, मान खांद्यांत घातलेला. साळुंकी नव्हे, बुलबुल नव्हे. दोन महिन्यांत विनितानं असा पक्षी पाहिला नव्हता. त्याच्या शेजारच्या साळुंकीनं किंचित सरकून त्याला नीट बसायला जागा दिली.

स्टुलावरच्या पदराकडं बघायचं विनितानं टाळलं. कपातली वाफ विरळ होत होती. दीपेशला हाक मारायला हवी होती. उर्वीला आत न्यायला हवं होतं. त्याऐवजी तिचा हात आपोआप मागं गेला, आणि तिनं आपल्या पोरीला छातीवर तळवा टेकवून उंबऱ्याच्या आत धरून ठेवलं.

"आई?" विनिता म्हणाली. अगदी हळू, झोपलेल्याला उठवायचं नसतं तशी.

स्टूल हललं नाही.

भिंतीवर मधल्यानं मान वळवली, आणि तिच्याकडं पाहिलं.